आजोबांचा पाय दुकानात मिळत नाही

"आमचा आबाजी जिंदगीभर बिना जोड्याचा वावरात राबला, पण गुडघे दुखते म्हणून कधी बसला नाही." अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्यावर किंवा अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या आवारात सकाळी धावायला येणाऱ्या मंडळींत हे वाक्य हल्ली थोड्याफार फरकानं कानावर येतं. बोलणाऱ्याच्या पायात बहुतेक वेळा नवाकोरा, पातळ तळाचा, बोटांना ऐसपैस जागा देणारा बूट असतो. त्याला 'मिनिमलिस्ट' म्हणतात आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. आबाजीच्या फुकटच्या अनवाणीपणाची ही महागडी नक्कल पायात चढली की माणूस दुसऱ्याच दिवशी नेहमीचे सात किलोमीटर धावून येतो आणि तिसऱ्या आठवड्यात पोटरी धरून ओट्यावर बसतो.

त्यात बुटाचा दोष थोडा आणि त्या वाक्याचा जास्त आहे. या लेखाचं भांडण त्या वाक्याशी आहे.

दावा आधी नीट मांडायला हवा. माणूस लाखो वर्षं अनवाणी धावला. बुटाच्या गुबगुबीत टाचेनं त्याला टाच आपटायची खोड लावली आणि पायाचे स्नायू आळशी केले. म्हणून गादी काढा, पाऊल चवड्यावर पडू द्या, गुडघे आपोआप सुटतील. इथवर हा युक्तिवाद जगभर सारखाच आहे. वऱ्हाडात त्याला आबाजीची, गाडगेबाबांची, पालखीची आणि आखाड्याची जोड मिळते. मग तो प्रश्न बुटाचा राहत नाही, अस्मितेचा होतो, आणि अस्मितेपुढे पोटरीचं कोण ऐकणार!

या दाव्यात खरं किती, तेही सांगितलं पाहिजे. टाचेखाली जाड गादी असलेला धावण्याचा बूट ही १९७०च्या दशकापासूनची वस्तू आहे. त्याआधीचे बहुतेक धावपटू पातळ, सपाट तळाच्याच बुटांत धावले. पुढे दुकानदार पायाची कमान बघून 'तुम्हाला हाच बूट लागेल' असं सांगू लागले. अमेरिकन लष्करानं हजारो नव्या सैनिकांवर ही पद्धत तपासली, तेव्हा कमानीनुसार बूट दिल्यानं दुखापती कमी झाल्या नाहीत. २०२२ साली कॉक्रेन या संस्थेनं बारा चाचण्या आणि अकरा हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. अमुक प्रकारच्या बुटानं धावणाऱ्याची दुखापत टळते, असं ठामपणे सांगण्याजोगा पुरावा त्यांना सापडला नाही. तेव्हा जाड गादी विकणाऱ्यांनी पातळ तळवाल्यांकडे बघून हसण्याचं कारण नाही. पण हाच निकाल पातळ तळालाही लागू पडतो. गादीनं गुडघा वाचतो याला पुरावा नाही, म्हणून गादी काढल्यानं तो वाचतो असं सिद्ध होत नाही.

आता आबाजीकडे वळू.

आबाजी चालत होता. तो धावत नव्हता.

एवढा साधा फरक या सगळ्या चर्चेत हरवला आहे. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो आणि पायावर येणारा भार शरीराच्या वजनाहून थोडासाच जास्त असतो. धावताना माणूस दर पावलाला क्षणभर हवेत असतो आणि खाली येताना त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर पडतो. मिनिटाला १६० ते १८० पावलं धरली, तर अर्ध्या तासात पाच हजार वेळा हे घडतं. वऱ्हाडाचा अनवाणी वारसा मोठा आहे यात शंका नाही, पण तो चालण्याचा आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरला जाते, तेव्हा सुमारे सातशे किलोमीटरची वाट महिनाभरात कापली जाते आणि काही वारकरी ती अनवाणी चालतात. श्रावणात अकोल्याचे शिवभक्त गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी कावड आणतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. कावडीला खांदेपालट आहे, मुक्काम आहे, मागेपुढे माणसं आहेत, आणि ती वर्षातून एकदाच निघते. पाच किलोमीटरची वेळ अर्ध्या मिनिटानं कमी करायची म्हणून कुणी कावड उचलत नाही.

गाडगेबाबांचं नावही या वादात ओढलं जातं. १८७६ साली शेंडगावला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर महाराष्ट्र पायी फिरला आणि १९५६ साली वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यानं देह ठेवला. पण त्यांच्या वर्णनात खापराचा तुकडा आणि चिंध्यांचा अंगरखा जसा येतो, तशी पायातली विजोड पायतणंही येतात. एक या तऱ्हेचं, दुसरं त्या तऱ्हेचं. घरदार, जमीनजुमला, मानमरातब सगळं सोडलेल्या माणसानंही मिळेल ते पायतण पायात घातलं. अनवाणीपणाचा पुरस्कर्ता म्हणून त्यांना उभं करताना निदान त्यांच्या पायांकडे तरी पाहावं.

दुसरी गोष्ट जमिनीची. आबाजीच्या पायाखाली वावर होतं, धुरा होता, पांदण होती. काळी माती पावसाळ्यात मऊ असते, हिवाळ्यात ढेकळांची होते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथलं कोणतंही पाऊल आधीच्या पावलासारखं पडत नाही. कधी बोटं फाकतात, कधी घोटा कलतो, कधी टाच रुतते. भार दर वेळी वेगळ्या जागी विभागला जातो. अमरावतीच्या बाहेरवळणाचा डांबरी रस्ता तसा नाही. तिथलं पहिलं पाऊल आणि पाचहजारावं पाऊल अगदी सारखं असतं, आणि त्याच हाडाच्या त्याच जागी तोच ठोका बसत राहतो. पाय आबाजीचा असता, तरी या रस्त्यानं त्याची वेगळी परीक्षा घेतली असती.

शिवाय आबाजी हौसेनं अनवाणी नव्हता. बाभळीचा काटा, सराटे आणि तूर कापल्यावर उभी राहणारी धसकटं ज्याला ठाऊक आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तुरीचं धसकट चांगला बूट फोडतं, तिथं कातडीची काय कथा! दोन पैसे हातात आले की कास्तकार बाजारातून टायरची चप्पल आणायचा. ट्रकच्या जुन्या टायरचा जाड तळ, वर दोन पट्टे, वर्षानुवर्षं टिकणारी. आयुष्यभर ज्याचे तळवे घट्ट झाले होते, त्यानं संधी मिळताच जाड तळ निवडला, हा वऱ्हाडाचा खरा अनुभव आहे. अनवाणी शेतकऱ्याला होणाऱ्या एका रोगाला तर वैद्यकशास्त्रात मदुराई शहरावरून 'मदुरा फूट' असं नाव पडलं. काट्याबरोबर बुरशी किंवा जंतू तळव्यात शिरतात आणि वर्षानुवर्षं पाय सडत राहतो. आबाजीचे गुडघे शाबूत होते असं सांगणारा नातू आबाजीच्या पायाची भोवरी, भेगा आणि पिकलेले काटे सांगायला विसरतो.

मग अनवाणी पायात काहीच गुण नाही का? आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा भारतातलाच आहे. १९९२ साली राव आणि जोसेफ या कर्नाटकातल्या दोन डॉक्टरांनी २३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांत २.८ टक्के. तीन वर्षांनी १८४६ प्रौढांची पाहणी झाली. सोळाव्या वर्षानंतर पायात जोडा घालू लागलेल्यांत सपाट पाय सर्वांत कमी आढळले. पातळ तळाचे समर्थक या आकड्यांवर खूश होतात, पण त्यांचा अर्थ मात्र पुरता लावत नाहीत. पायाची कमान घडते ती लहानपणी. पाचव्या वर्षी शाळेचे काळे बूट पायात चढलेला, मग तीस वर्षं खुर्चीत बसलेला आणि बेचाळिसाव्या वर्षी ऑनलाइन बूट मागवणारा माणूस या पाहणीत अनवाणी मुलांच्या रांगेत बसत नाही. तो दुसऱ्या रांगेतला आहे. आबाजीचा पाय चाळीस वर्षांत मातीनं घडवला. दुकानातला पातळ बूट त्या पायावरचं आवरण तेवढं कमी करतो, पाय देत नाही.

अमरावतीकराच्या भात्यात आणखी एक बाण असतो, तो म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथं कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी हे सगळं अनवाणी. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण कुस्तीच्या हौद्यात मातीचं काय करतात, ते याच मंडळींना चांगलं माहीत असतं. ती खणतात, चाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद घालतात आणि रोज उकरून भुसभुशीत ठेवतात. अनवाणी पायासाठी जमीन तयार करायची, ही आखाड्याची शिकवण आहे. ती उचलायची सोडून नुसता अनवाणी पाय उचलला आणि डांबरावर ठेवला, तर आखाड्याचा वारसा सांगण्यात अर्थ उरत नाही.

यानंतर विजेत्यांची यादी पुढे येते. तिच्यात पहिलं नाव असतं इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं. १९६० साली रोममध्ये त्यानं अनवाणी मॅरेथॉन जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. गोष्ट इथं थांबवली जाते. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला पायात बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत. बुटामुळे तो तीन मिनिटांनी वेगवान झाला असं कुणी म्हणू नये. पण बुटानं त्याचं काही बिघडवलं नाही, एवढं तरी मान्य करावं.

मराठी मुलखाचा दाखला तर बिकिलाच्या चाळीस वर्षं आधीचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकरी कुटुंबांतली मुलं अनवाणी, कसल्याही शास्त्रशुद्ध तालमीशिवाय धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या, आणि त्यातून १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हीही सुरुवातीला अनवाणी धावली. पुढे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. बारामतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून जिंकलेल्या लता भगवान करे सगळ्यांना आठवतात. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या चित्रपटाचा विशेष उल्लेख झाला.

ही नावं डोक्यावर घेण्यासारखीच आहेत. पण लता करे धावल्या त्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्या अनवाणी पायांत कुठलं तत्त्वज्ञान नव्हतं, चणचण होती. जी माणसं नाइलाजानं अनवाणी धावली, त्यांचा नाइलाज पुसून टाकून त्याचीच 'नैसर्गिक शैली' करायची आणि ती हजारो रुपयांना विकायची, यात काहीतरी ओशाळवाणं आहे.

मिलिंद सोमण यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांनी अनवाणीपण निवडलं. २०१६ साली ते अहमदाबादहून मुंबईला पाचशेहून अधिक किलोमीटर अनवाणी धावले, आणि वाटेत त्यांच्या आई उषा सोमण साडीत, अनवाणी त्यांच्याबरोबर धावल्या. पण हे सोमण पोहण्यातले माजी राष्ट्रीय विजेते आहेत. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली त्या २००४च्या सुमारास ते धावू लागले. म्हणजे जन्मभराच्या व्यायामावर दहा-बारा वर्षांचं धावणं रचल्यानंतरची ही मोहीम. त्यांचा फोटो बघून सोमवारी बूट मागवायचा आणि रविवारी एकवीस किलोमीटरला उभं राहायचं, याला आपल्याकडे 'पी हळद अन् हो गोरी' म्हणतात.

शेवटचा आधार विज्ञानाचा. २०१० साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. जन्मभर अनवाणी धावणारी माणसं बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आपटल्यावर जो झटका बसतो तो टळतो, असं त्यात दाखवलं होतं. त्याआधीच्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगलचं मेक्सिकोतल्या ताराहुमारा धावपटूंवरचं पुस्तक गाजलं होतं. दोन्हींची सांगड बसली आणि लाट उसळली. या लाटेत एक तपशील वाहून गेला: ताराहुमारा अनवाणी धावत नाहीत. त्यांच्या पायात टायरच्या तळाची वहाण असते. आपल्या कास्तकारासारखीच!

लाटेनंतरचं संशोधन कमी लोकांनी वाचलं. २०१३ साली केनियातल्या दासनाच लोकांचा अभ्यास झाला. जन्मभर अनवाणी राहणारी ही माणसं आपल्या सोयीच्या वेगानं धावताना बहुतांशी टाचेवरच उतरत होती. म्हणजे चवड्यावर उतरणं हीच निसर्गाची आज्ञा, हेही खरं नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात छत्तीस अनुभवी धावपटूंवर प्रयोग झाला. एकोणीस जणांनी दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळायचं होतं, बाकीच्यांनी जुनेच बूट वापरायचे होते. दहा आठवड्यांनी एमआरआय काढले, तेव्हा त्या एकोणिसांपैकी दहा जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ही हाडाला झेपेना इतका ताण आल्याची खूण असते. हे हौशे-नवशे नव्हते, नेमानं धावणारे लोक होते आणि त्यांना घाई न करण्याच्या सूचना होत्या. दुसऱ्या एका प्रयोगात १०३ धावपटू तीन प्रकारच्या बुटांत विभागून बारा आठवडे दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होते. नेहमीच्या बुटांत चार जणांना दुखापत झाली, पूर्ण पातळ बुटांत सात जणांना आणि अर्धवट पातळ बुटांत बारा जणांना. 'आधी मधला बूट घ्या, मग पातळ' हा दुकानातला सल्लाही त्यामुळे शंकास्पद ठरतो.

पुढे तर प्रकरण कोर्टात गेलं. पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर २०१२ साली अमेरिकेत दावा झाला. पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापत कमी होते, या जाहिरातींना आधार नाही, असा आरोप होता. २०१४ साली कंपनीनं चूक मान्य न करता तडजोड केली आणि ग्राहकांना परतावा देण्यासाठी साडेसदतीस लाख डॉलर बाजूला काढले.

हे असं का होतं, त्याचं कारण गूढ नाही. पाऊल चवड्यावर पडू लागलं की गुडघ्यावरचा भार थोडा उतरतो. पण तो हवेत विरत नाही. तो पोटरीवर, टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर आणि बोटांमागच्या लांब हाडांवर जातो. धावताना त्या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहून जास्त ताण येतो. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर वर असते. सपाट बुटात ती खाली येते आणि वर्षानुवर्षं आखडलेली पोटरी एकदम ताणली जाते. स्नायू काही आठवड्यांत सरावतो. टेंडनला आणि हाडाला महिने लागतात. घात इथंच होतो: स्नायू 'जमतंय' म्हणतो, माणूस अंतर वाढवतो आणि हाड अजून तयारच झालेलं नसतं. गुडघ्याचं दुखणं टाचेला देऊन आलेल्याला 'बरा झाला' कसं म्हणायचं?

वजनाचाही मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियातल्या ६१ धावपटूंच्या सव्वीस आठवड्यांच्या चाचणीत, वजन जास्त तसा पातळ बुटातल्या दुखापतीचा धोका जास्त, असं दिसलं. आबाजी पन्नास-पंचावन्न किलोंचा काटक गडी होता. नातवाचा काटा पंच्याऐंशीवर थांबतो, आणि बूट मात्र तो आबाजीच्या हिशेबानं घेतो.

काही पायांसाठी तर हा विषय वादाचाही नाही. अमरावतीचं तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी उभारलं. कुष्ठरोगात पायाची संवेदना गेली की खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी बोटं जातात. म्हणून अशा रुग्णांना मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, एमसीआरची चप्पल देतात. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाचंही हेच आहे. 'जमीन जाणवली पाहिजे' हे पातळ बुटाचं ब्रीद, पण ज्याला जमीन जाणवतच नाही त्याच्यासाठी ते ब्रीद घातक आहे. पन्नाशीच्या मधुमेही माणसाला सकाळच्या कट्ट्यावर 'अनवाणी चाला, साखर उतरते' असं सांगणाऱ्यांनी आधी एखाद्या सर्जनला भेटावं.

सगळ्यात जास्त काळजी मात्र पोलीस भरतीच्या पोरांची वाटते. गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे धावणारी ही मुलं-मुली अमरावती-अकोला जिल्ह्यांत कुठंही दिसतात. मैदानी चाचणीच्या पन्नास गुणांतले वीस गुण एका धावेचे असतात: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. यातली कितीतरी अनवाणी किंवा झिजलेल्या कॅनव्हासच्या पीटी शूजमध्ये धावतात. तो पीटी शूज म्हणजे शंभर टक्के मिनिमलिस्ट बूट, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. भरतीची जाहिरात निघाली की महिनाभरात सराव दुप्पट होतो. १८५५ साली प्रशियाच्या लष्करातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन केलं होतं. पुढे कळलं की ते पायाच्या लांब हाडांना गेलेले बारीक तडे होते. 'मार्च फ्रॅक्चर' हे त्याचं नाव आजही रूढ आहे. नवखा जवान, अचानक वाढलेलं अंतर, कडक जमीन: आपल्या भरतीच्या मैदानावर या तिन्ही गोष्टी हजर असतात. अशा पोराला शहरातला हौशी धावपटू 'अनवाणीच उत्तम, बूट घेऊच नको' असं सांगतो, तेव्हा तो सल्ला त्या पोराच्या नोकरीशी खेळतो. त्याला सल्ला द्यायचा तर सराव हळू वाढव आणि मातीच्या मैदानावर धाव, असा द्यावा. आणि जमल्यास एक धड जोड घेऊन द्यावा.

एवढं सगळं म्हटल्यावर पातळ बूट फेकून द्यावेत का? मुळीच नाही. २०१९ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्याच संशोधकांनी दाखवलं की पातळ बूट घालून आठ आठवडे नुसतं चाललं, तरी तळपायाचे स्नायू खास व्यायाम केल्याइतकेच बळकट होतात. हाडांची सूज दाखवून देणाऱ्या गटाचाच हा निष्कर्ष आहे, म्हणून तो जास्त विश्वासाचा. पाय पातळ बुटाला सरावू शकतो, पण त्याचा रस्ता आबाजीच्याच रस्त्यानं, म्हणजे चालण्यावरून जातो.

ज्यांना हा बदल मनापासून करायचा आहे, त्यांच्यासाठी वऱ्हाडाचं हवामानच वेळापत्रक आखून देतं. दिवाळीनंतर सुरुवात करावी. पहिले दोन महिने पातळ बूट फक्त चालण्यासाठी: बाजार, दूध, शतपावली. रोज पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली कराव्यात, आणि एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा जमेपर्यंत धावण्याचं नाव काढू नये. संक्रांतीच्या सुमारास नेहमीच्या बुटातली धाव संपल्यावर शेवटचे तीन-चारशे मीटर पातळ बुटात, मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड. मग आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. पोटरी जड वाटणं चालेल. पण पायाच्या वरच्या बाजूला एका ठरावीक जागी बोट दाबल्यावर कळ आली, तर त्याच दिवशी थांबून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा पुष्कळदा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावं. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीकडे निघाला की डांबरावर पातळ तळाचे प्रयोग बंद करावेत. आणि निदान होळीपर्यंत तरी जुने जाड बूट माळ्यावर टाकू नयेत.